लवणासुराचे झाकण

मेहकराहून लोणारकडे निघालेल्या वाटसरूला शेवटच्या क्षणापर्यंत काहीच कळत नाही. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तूर-कपाशीची शेते, मधूनच एखादे कडुलिंबाचे झाड, असा वऱ्हाडात कोठेही दिसावा तसाच तो मुलूख. आणि मग गावाची वस्ती ओलांडून थोडासा चढ चढावा, तो पायांखालची जमीन एकाएकी संपते आणि मैलाहून अधिक रुंदीचा एक प्रचंड वाटोळा खळगा, तळाशी हिरवट पाणी घेऊन, दृष्टीसमोर उघडा पडतो. काठावर धारेचे पाणी बारमाही वाहते. ते गोड आहे, यात्रेकरू त्याखाली स्नान करतात. तेथून पायवाटेने खाली उतरत गेले, भग्न देवळांच्या शिळांवरून आणि झाडीतून वाट काढीत तळाशी पोचले, आणि सरोवराच्या पाण्यात हात बुडवून बोटे एकमेकांवर चोळली, की साबण लावल्यासारखी ती घसरतात. वरचे पाणी अमृतासारखे आणि खालचे असे क्षारमय, हे कोडे ज्याच्या हाताला एकदा जाणवले, त्याला ‘हे असे का?’ हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही.

मी पहिल्यांदा तेथे गेलो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मला हळदकुंकू आणि नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने दिले. लवण नावाचा एक दैत्य या ठिकाणी जमिनीखाली बीळ करून राहत होता. देवांना आणि माणसांना त्याने त्राहि भगवान करून सोडले होते. आणि तो कोठे लपतो याचा थांग कोणालाच लागत नव्हता. तेव्हा विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेतले, दैत्याच्या दोघी बहिणींना मोहित करून त्यांच्याकडून बिळाची जागा काढून घेतली, पायाच्या अंगठ्याच्या नुसत्या स्पर्शाने बिळावरचे झाकण उडवून लावले आणि आत निजलेल्या दैत्याला ठार केले. हे पाणी म्हणजे त्याचे रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचे मांस. या रूपातील विष्णूला दैत्यसूदन म्हणतात, आणि गावातील त्याचे तारकाकृती देऊळ, यादवकालाच्या आसपासच्या शिल्पकलेचा एक अत्यंत देखणा नमुना, आजही उभे आहे. बाईने कथा सांगता सांगता पुढ्यातल्या टोपलीवरचे फडके पायाच्या अंगठ्याने बाजूला सारून दाखविले. ती कृती माझ्या डोळ्यांसमोरून अद्याप हललेली नाही.

ही कथा ऐकल्यावर आजच्या शिकलेल्या माणसाच्या मनात एक विचार हटकून येतो, आणि तो मोहक असल्यामुळेच त्याची तपासणी करणे अगत्याचे आहे. लोणारचे विवर अशनिपाताने झाले, हे आता निर्विवाद आहे. १९७३ साली फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघा संशोधकांनी विवराच्या तळातील खडकात ‘मास्केलिनाइट’ नावाचा काचसदृश पदार्थ सापडल्याचे प्रसिद्ध केले. हा पदार्थ ज्वालामुखीच्या उष्णतेने बनत नाही, तो खडकावर क्षणार्धात पडलेल्या भयंकर आघाताने बनतो. तेव्हा आकाशातून कोसळलेली ती उल्का, तो स्फोट, तो अग्निप्रलय कोणा आदिमानवाने प्रत्यक्ष पाहिला असेल, आणि त्याचीच स्मृती पिढ्यान् पिढ्या उतरत येऊन दैत्यवधाच्या कथेत गोठून राहिली असेल, असे म्हणण्याचा मोह कोणाला होणार नाही?

पुराणकथेच्या मागे दडलेला इतिहास असा सरळ सोलून काढण्याची ही रीत फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास यूहेमेरस नावाच्या ग्रीक लेखकाने असे प्रतिपादन केले, की देव म्हणजे प्राचीन काळचे पराक्रमी राजेच होत. लोकांनी मागाहून त्यांना देवत्व दिले. आपल्याकडेही दैत्य म्हणजे अमुक जमात आणि राक्षस म्हणजे तमुक टोळी, अशी समीकरणे मांडणाऱ्यांची उणीव कधी भासली नाही. मला ही रीत मान्य नाही, आणि लोणारच्या बाबतीत तर कालगणनाच तिच्या आड उभी राहते. विवरातील काचेच्या कणांवर उष्णतादीप्तीची पद्धत वापरून जे वय काढण्यात आले, ते सुमारे ५२,००० वर्षे भरले. पुढे आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून केलेल्या मापनात तेच वय सुमारे ५,७०,००० वर्षांवर गेले. यातील दुसरा आकडा खरा धरला, तर तुमच्या-माझ्या जातीचा मनुष्य त्या वेळी पृथ्वीवर अवतरलाच नव्हता. पहिला धरला, तरी पंचवीस वर्षांची एक पिढी याप्रमाणे दोन हजारांवर पिढ्यांचे अंतर मध्ये पडते, आणि तेवढ्या अंतरावरून दोघी बहिणी, सुंदर तरुण आणि पायाचा अंगठा यांची वार्ता सुखरूप येऊन पोचली, असे मानण्यास काहीही आधार नाही.

मग कथा खोटी म्हणायची काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला ग्रीकांच्या कथांचा फार उपयोग झाला. कारण त्या कथांच्या मागे कुदळ-फावडी घेऊन लोक जितक्या चिकाटीने लागले, तितके जगात दुसऱ्या कोणत्याही कथांच्या मागे क्वचितच लागले असतील.

ग्रीसच्या दक्षिणेस अर्गोस नगराजवळ, समुद्रकाठी, लेर्ना नावाची एक झऱ्यांची आणि दलदलीची जागा आहे. तेथे हायड्रा नावाचा अनेक मुखांचा सर्प राहत असे. एक मुंडके छाटले की त्या जागी दोन उगवत. तेव्हा महावीर हेराक्लीसने आपल्या पुतण्याकडून प्रत्येक कापलेल्या मानेला डाग देवविला आणि अशा रीतीने त्याचा वध केला. त्या जागेजवळच एक अथांग डोह होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस लिहितो, की रोमचा बादशहा नीरो याने दोरांना शिसे बांधून तो डोह मोजण्याचा यत्न केला, पण तळ काही लागला नाही. दलदल, दैत्य, वीर आणि अथांग पाणी, अशी ही सारी सामग्री लोणारच्या किती निकटची आहे! आता या लेर्नाच्या टेकाडावर १९५२ पासून जॉन कॅस्की या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने उत्खनन केले, तेव्हा हायड्राचे एकही हाड सापडले नाही, हे सांगावयास नकोच. सापडला तो महाकवी होमरच्याही दीड हजार वर्षे आधीचा एक भव्य दुमजली वाडा, ज्याच्या छपरावर भाजलेल्या मातीची कौले होती. त्यातील एका खोलीत पेट्यांच्या आणि रांजणांच्या तोंडांवर लावलेल्या मातीच्या मोहरा मिळाल्या. म्हणजे तेथे कोठार होते, कोठाराचा हिशेब होता आणि हिशेब राखणारा कोणी अंमलदारही होता. तो वाडा जळाला; आणि जळाल्यावर लोकांनी त्या जागी नवे घर न बांधता अवशेषांवर मातीचा एक वाटोळा ढिगारा रचून त्याला दगडांचे कडे घातले. ती जागा इतर जागांसारखी नाही, ही जाण तेथील लोकांना हेराक्लीसची कथा जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून होती.

तीच गोष्ट होमरच्या महाकाव्यातील ट्रॉय नगरीची. हाइनरिख श्लीमान या जर्मन व्यापाऱ्याने होमरच्या काव्याचे अक्षर न् अक्षर इतिहास मानून, १८७० पासून तुर्कस्तानातील हिसारलिकच्या टेकडीवर खणावयास प्रारंभ केला. टेकडीचा काही भाग फ्रँक कॅल्व्हर्ट या गृहस्थाच्या मालकीचा होता, आणि ट्रॉय हेच असे त्याने आधीच ताडले होते. परंतु कीर्ती श्लीमानच्या वाट्यास गेली. १८७३ साली त्याला सोन्याचे दागिने सापडले आणि हा प्रायम राजाचा खजिना असे त्याने जगाला जाहीर केले. वस्तुतः तो खजिना होमरने वर्णिलेल्या काळाच्या सुमारे बाराशे वर्षे पूर्वीचा निघाला. आणि प्रायमच्या नगरीचा शोध घेणाऱ्या याच मनुष्याने टेकडीच्या पोटातून जो रुंद चर आरपार खणला, त्यात त्या नगरीच्याच भिंती खणून फेकल्या गेल्या. १८७६ साली मायसीनी येथे त्याने राजकबरी उघडल्या, सुवर्णाचे मुखवटे बाहेर काढले आणि त्यांचा संबंध ट्रॉयवर चालून गेलेल्या ग्रीकांचा नायक अगामेम्नॉन याच्याशी जोडला. त्या कबरीही ट्रोजन युद्धाच्या परंपरागत काळाहून तीनशेहून अधिक वर्षांनी जुन्या ठरल्या. श्लीमानला जागा दोन्ही वेळा बिनचूक लागली आणि काळ दोन्ही वेळा चुकला. जागा त्याला कथेने सांगितली होती. काळही कथाच सांगेल अशी त्याची भाबडी समजूत होती, आणि तेथे त्याची फसगत झाली.

कथेचा हा स्वभाव मला पुन्हा पुन्हा प्रत्ययास येतो. ती स्थळाशी इमान राखते, काळाशी तिला देणेघेणे नसते. आणि जिन्नस, मोजमाप, वसूल-बाकी या गोष्टी तर ती सोडूनच देते, कारण ते काम दप्तराचे आहे. ग्रीकांचे दप्तर सापडले, तेव्हा हे फार स्पष्टपणे दिसून आले. क्रीटमधील नॉसस आणि मुख्य भूमीवरील पायलॉस येथील राजवाड्यांत मातीच्या शेकडो पाट्या मिळाल्या. वाडे जळाले त्या आगीतच भाजल्या गेल्यामुळे त्या टिकल्या. १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने त्यांवरील ‘लिनिअर बी’ नावाची लिपी उलगडली आणि ती ग्रीक भाषाच असल्याचे दाखविले. जगातील विद्वान त्या पाट्यांत होमरच्या अकिलीस आणि हेक्टर या वीरांचे पराक्रम वाचावयास आतुर झाले असतील. तेथे निघाल्या त्या मेंढरांच्या, धान्याच्या, तेलाच्या आणि रथांच्या चाकांच्या याद्या! अकिलीस हे नाव त्यांत आहे, हेक्टरही आहे. पण ती नावे कोणा सामान्य माणसांची, मोजदादीच्या फर्दीत इतरांबरोबर लिहिलेली. ती वाचताना मला निराशा वाटली नाही. महाकाव्यातील वीराचे नाव एखाद्या साध्या माणसाचेही असू शकत होते, एवढे कळल्याने तो वीर आपल्या अधिक जवळ येतो.

आता हे सारे घेऊन लोणारास परत येऊ. कारण लोणारचेही दप्तर आहे. अकबराच्या कारकिर्दीत वऱ्हाडचा सुभा मोगली अंमलाखाली आला आणि मेहकर हे त्या सुभ्यातील एक सरकार झाले. अबुल फजलने ‘ऐने अकबरी’त या भागाचे वर्णन करताना लवणासुराचे नाव घेतलेले नाही; त्याने लिहिले ते असे, की येथील डोंगरात काच आणि साबण बनविण्याची सामग्री मिळते आणि तिच्या जकातीतून सरकारास बराच महसूल होतो. त्याने आणखी एक गोष्ट टिपून ठेवली, की येथे खाऱ्या पाण्याच्या जवळच गोडे पाणीही लागते. सरोवराच्या काठी, कमळजादेवीच्या देवळाजवळ, सासू-सुनेची विहीर म्हणून एक जागा दाखवितात, जिच्या एका अंगाला पाणी गोडे आणि दुसऱ्या अंगाला खारे असे सांगतात. मोगल दरबारच्या त्या पंडिताची नोंद आणि गावकऱ्यांचे हे नामकरण एकाच चमत्काराविषयी आहे. गावकऱ्यांनी ते नाते सासू-सुनेचे केले आणि मुत्सद्द्याने ते महसुलाच्या प्रकरणात घातले.

खार काढण्याचा हा धंदा पुढे इंग्रजी अमलापर्यंत चालू राहिला. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर जमलेले थर गोळा करीत, आणि त्या थरांना त्यांच्या प्रतीप्रमाणे वेगवेगळी नावे होती: डल्ला, निमक, खुप्पल, पापडी, भुसकी. शुद्ध-अशुद्ध, कठीण-भुसभुशीत असे बारकावे हातांनी ओळखणाऱ्या त्या लोकांच्या तोंडची ही नावे. लवण या शब्दापासून लोण आणि लोणापासून लोणार, ही व्युत्पत्ती उघड आहे. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात लवण नावाचा असुर येतो खरा. पण तो मधुवनातला, यमुनाकाठचा, आणि त्याचा वध शत्रुघ्नाने केला. तेव्हा माझ्या मते घडले ते असे: आधी खार होता, खाराने गावाला नाव दिले, गावाच्या नावाने एका प्रख्यात असुराला आपल्याकडे ओढून घेतले, आणि मग त्या असुराने येथल्या खळग्याची, येथल्या पाण्याची आणि येथल्या देवाची कथा स्वतःभोवती गुंफून घेतली. हा क्रम मी अनुमानाने लावीत आहे. परंतु उल्केच्या स्मृतीपेक्षा तो मला कितीतरी अधिक सयुक्तिक वाटतो.

लोणार या बाबतीत एकटेही नाही. शेजारचे मेहकर, पैनगंगेच्या काठी वसलेले, हे मेघंकर नावाच्या दैत्याच्या नावावरून ओळखले जाते. त्याला विष्णूने शार्ङ्गधर रूपाने मारले. १८८८ साली त्याच मेहकरात जमिनीखालून काळ्या पाषाणाची, दहा-अकरा फूट उंचीची, अप्रतिम कोरीव कामाची शार्ङ्गधराची मूर्ती निघाली आणि आज तेथील मंदिरात तिची पूजा चालते. देव आधी कथेत होता आणि मग मातीतून वर आला! ग्रीक इतिहासकार हीरोडोटसने सांगितलेली एक हकीकत येथे आठवते. स्पार्टाच्या लोकांना तेगेआ नगराशी युद्धात यश येईना. देववाणी झाली, की अगामेम्नॉनपुत्र ओरेस्टीसच्या अस्थी घरी आणा. तेगेआतील एका लोहाराने आपल्या अंगणात विहीर खणताना सात हात लांबीची शवपेटी पाहिली होती आणि आतला देहही तेवढाच लांब होता. स्पार्टाच्या माणसाने त्या अस्थी युक्तीने हस्तगत केल्या आणि पुढे स्पार्टाची सरशी होत गेली. त्या अस्थी एखाद्या लुप्त महाकाय प्राण्याच्या असाव्यात, असा काही आधुनिक अभ्यासकांचा तर्क आहे. मेहकरची मूर्ती मात्र खरोखरीच विष्णूची होती. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी मेहकर आणि लोणार या दोन्ही गावी येऊन गेले, हे लीळाचरित्रावरून दिसते. म्हणजे हा मुलूख त्या काळी आडरान नव्हता, देवळांनी आणि वर्दळीने गजबजलेला होता.

ग्रीकांच्या आणि आपल्या कथांत असे साम्य दिसले, की कोणी कोणापासून घेतले, हा प्रश्न लगेच पुढे येतो. दळणवळण होते, यात संशय नाही. लोणारच्या बुलढाणा जिल्ह्याशेजारी, जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा जो भाग मिळाला, तो इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पाँपेई नगरीत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी विलक्षण जुळतो. भोकरदनच्या बाजारातून इटलीपर्यंत हस्तिदंत जाऊ शकत होता, तर एखादी कथाही जाऊ-येऊ शकली असेल. पण लेर्नाच्या आणि लोणारच्या कथांना त्या प्रवासाची गरज नाही. पाणी अथांग किंवा अपेय असले, की दोन्हीकडच्या माणसांनी आपापल्या बुद्धीने तेथे दैत्य पाहिला.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. क्षारता वाढून क्षारप्रिय सूक्ष्म जीव बळावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाण्याला तो वर्ण आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून निष्पन्न झाले. ज्याने ती कथा ऐकली होती, त्याला लवणासुराच्या रक्ताची आठवण झाल्यावाचून राहिली नसेल. 

परंतु या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग रक्ताचा नाही, झाकणाचा आहे. एटना पर्वताविषयी ग्रीक सांगत, की झ्यूसने टायफॉन नावाच्या राक्षसावर तो आख्खा पर्वत उचलून ठेवला आणि खाली दडपलेला राक्षस अद्याप आग ओकतो. तेथे पर्वत वर ठेवला. येथे झाकण काढून फेकले. ज्याने ही कल्पना प्रथम केली, त्याने खळग्याकडे फार नीट पाहिले असले पाहिजे. काठ आसपासच्या जमिनीहून उंच उचललेला, तळ खोल आणि सपाट, आकार वाटोळा. नदीने कोरलेली दरी अशी नसते. येथे पूर्वी जे होते ते कोठे तरी गेले आहे, हे त्याने ओळखले, आणि ओळखल्यावर ते कोठे गेले याचाही शोध घेतला.

शास्त्रज्ञांनी पुढे हाच प्रश्न विचारला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिल्बर्ट या अमेरिकन भूवैज्ञानिकाने ॲरिझोनातील तशाच एका विवरापाशी जाऊन काठावरच्या मातीदगडांचे घनमान आणि खळग्याचे घनमान मोजून पाहिले. उल्का आत गाडली गेली असेल, तर तेवढी जागा तिने व्यापली पाहिजे आणि काठावरचा माल खळग्याहून अधिक भरला पाहिजे, असा त्याचा हिशेब होता. दोन्ही मापे सारखी निघाली. तेव्हा उल्का नव्हेच, हा जमिनीखालच्या वाफेचा स्फोट, असा निर्णय त्याने दिला. १८९६ साली छापलेल्या त्याच निबंधात लोणारचाही उल्लेख आहे. त्याचे मोजमाप प्रामाणिक होते, पण निर्णय चुकला. कारण एवढ्या वेगाने येऊन आदळणारी उल्का त्या आघातातच बहुतांशी वाफ होऊन आणि चूर होऊन विखुरते, हे त्या काळी कोणाला ठाऊक नव्हते. जे गेले ते कोठे गेले, हा प्रश्न त्यालाही सुटला नाही.

त्या म्हाताऱ्या बाईला मी तोच विचारला होता. देवाने अंगठ्याने झाकण उडविले, हे ठीक. पण एवढे मोठे झाकण पडले कोठे? तिने क्षणभरही विचार केला नाही. नारळ फोडता फोडता मान वर न करता तिने विळा धरलेला हात नैर्ऋत्येकडे, पलीकडच्या काठाच्याही वर, उंच केला. “तिकडं पडलं नं बाप्पा, दातेफळाकडं. टेकडी हाये तिथं. एवढीच, अशी गोल.”

कित्येक कोसांवरची ती टेकडी येथून दिसत नाही. जुन्या गॅझेटियरातही तिची नोंद आहे, लवणासुराच्या बिळाचे झाकण म्हणून.